टाळ्यांपर्यंतची कॅसेट

रविवार, २ जानेवारी २००५. सकाळी साडेअकरा.

मार्केटला गेलो आणि नेमका तेवढ्यात अनिशचा बेंगळूरहून फोन येऊन गेला. आई बोलली, माझी बायको वेदश्री बोलली. मी तिकडे मेथीच्या जुड्या बघत होतो. गेल्या रविवारी असंच. त्याच्या आधीच्या रविवारी पण असंच. योगायोग विचित्र असतात. पुढच्या रविवारपासून मार्केटला नऊला जायचं, म्हणजे साडेदहाच्या फोनला मी घरी.

महत्त्वाचं. येत्या २० फेब्रुवारीला रेनट्री बँडच्या शेवटच्या कार्यक्रमाला बारा वर्षं होतात. एक तप. कॅलेंडर बघितलं, रविवारच आहे. जुन्या सगळ्या फॅन लोकांना एकत्र बसवून त्या कार्यक्रमाची फिल्म दाखवायची. मोठा हॉल, मोठा पडदा. माझ्याशिवाय हे कोण करणार? रेनट्री फ्रेंड सर्कलचा अध्यक्ष मीच. सर्कल बंद झाल्याचं कुणीही लेखी कळवलेलं नाही.

सोमवार, ३ जानेवारी. ऑफिस, जेवणाची सुट्टी.

निमंत्रणाचा मजकूर तयार केला. पाटबंधारे खात्यात लिखाणाला शांतता मिळते.

"सन १९९० ते १९९३ अशी तीन वर्षं धारवाड-हुबळी गाजवणाऱ्या रेनट्री या बँडचा अखेरचा कार्यक्रम पुन्हा पाहण्याचा योग. गायक प्रभंजन. गिटार अनिश (निमंत्रकाचा धाकटा भाऊ)." बाकी तिघांची नावं जागेअभावी गाळली. निमंत्रक सुधींद्र, हे जरा मोठ्या अक्षरात.

अनिशबद्दल आणखी दोन ओळी घातल्या होत्या. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा, मी वीस. मी कॉलेज सोडून नोकरी धरली, त्याला शिकवलं. गिटारसुद्धा मीच बेळगावहून आणून दिली, एसटीत मांडीवर घेऊन. (पुढे ती स्कूटरवरून पडून मोडली.) नंतर त्या ओळी खोडल्या. आपणच आपलं काय सांगायचं.

रविवार, ९ जानेवारी.

नऊला मार्केट, दहाला परत. फोन नऊ वीसला येऊन गेला होता. अनिशला मीटिंग असणार. रविवारी कसली मीटिंग, असं वेदश्री म्हणाली. बँकांचं आजकाल काही सांगता येत नाही.

बुधवार, १२ जानेवारी. संध्याकाळी ७.

व्हीसीआर बिघडलाय, आता खात्रीच झाली. काल रात्रीच्या जेवणाआधी मी कार्यक्रमाची कॅसेट नेहमीच्या जागी थांबवून ठेवली होती. आज बघतो तर टेप पार शेवटाला. हे कित्येक महिने चाललंय. टेप आपोआप पुढे सरकते. मेकॅनिक म्हणतो, असं होऊच शकत नाही. आजकाल मेकॅनिकांना काही येत नाही.

आईला विचारलं, दुपारी मशीनला कुणी हात लावला होता का. ती म्हणाली, मला कुठं काय दिसतंय, बाबा. ते खरंच आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हुबळीत ऑपरेशन करून टाकू म्हटलं की तिचं एकच, अनिशला येऊ दे. जसा काही अनिशच डॉक्टर आहे.

मी कॅसेट नेहमी टाळ्यांपर्यंत बघतो. शेवटचं गाणं संपतं, प्रभंजन हात जोडतो, टाळ्या. तिथं बंद. पुढे काही नाही, वायरी गुंडाळणारे लोक आणि रिकाम्या खुर्च्या. मला चांगलं आठवतंय. मी स्टेजवर गेलो, अनिशला मिठी मारली, म्हटलं, चल बाळ, उशीर झाला. दुसऱ्या दिवशी त्याची बँकेची परीक्षा होती. पास झाला. पहिलं पोस्टिंग रायचूरला, आता बेंगळुरात मॅनेजर. त्यानंतर बँड विखुरला तो विखुरलाच. कलाकार मंडळींत चिकाटी नसते.

रविवार, १६ जानेवारी.

केशवापूरला वादिराजच्या दुकानी गेलो. पंखे, मिक्सर, इस्त्र्या. फ्रेंड सर्कलचा सेक्रेटरी. एके काळी आम्ही दोघं अॅम्प्लिफायर सायकलला बांधून सप्तापूरहून कॉलेजपर्यंत ढकलत न्यायचो. मी त्याला बेत सांगितला. त्याने हातातली इस्त्री खाली ठेवली. मग म्हणाला, सुध्या, खरंच दाखवणार आहेस? म्हटलं, म्हणजे काय. म्हणाला, सगळी फिल्म? म्हटलं, सगळी. पंख्याचा खोका तो बराच वेळ पुसत राहिला. भरून आलं असणार.

निघताना विचारलं त्याने, अनिशशी बोललास का? म्हटलं, त्याला आनंदच होईल. वादिराज म्हणाला, मग मी नक्की येतो. मी येणारच. असा जिवाभावाचा दोस्त.

गुरुवार, २० जानेवारी.

अर्धी रजा टाकून हुबळीला नागोजीच्या स्टुडिओत. लग्नाच्या शूटिंगचा माणूस, पण त्या दिवशी फुकट येऊन कार्यक्रम शूट केला होता. कॅसेट झिजत चाललीय, म्हणून सीडीवर घ्यायची. दोन सीड्या होतील म्हणाला. मी म्हटलं, टाळ्यांपर्यंत घेतलं तरी चालेल, पुढं काही नाही. नागोजीने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, मी शूट केलेलं मी कापत नाही, सर. ठीक आहे. कारागिराचा स्वाभिमान असतो, आपण जपावा.

एक तक्रार त्याला बारा वर्षांनी का होईना सांगितली. सगळा वेळ कॅमेरा प्रभंजनवर. अनिशचा नुसता हात दिसतो, नाहीतर पाठ. भाऊ म्हणून नव्हे, फॅन म्हणून बोललो. नागोजी म्हणाला, एका ठिकाणी आहे की चेहरा. कुठं, विचारलं, तर गिऱ्हाईक आलं.

बुधवार, २६ जानेवारी.

झेंडावंदन करून आलो. चौसष्ट पोस्टकार्डं टाकली. तीनशे खुर्च्यांचा हॉल तोंडी बुक. प्रोजेक्टर बघितला. अनिशला मात्र कार्ड नाही, बंद पाकीट. प्रमुख पाहुणे म्हणून यावे, असं रीतसर लिहिलं. भावाला भावाने असं लिहिलं की त्याला बरं वाटेल.

उद्घाटनाच्या भाषणाला सुरुवात. तीन पानं झाली, अजून १९८८ वर आहे.

रविवार, ६ फेब्रुवारी.

हॉल साखरपुड्याला गेला. हॉलवाला म्हणतो, मला वाटलं तुम्ही गमतीत विचारताय. एका परीने बरं झालं. हॉलमध्ये घरगुतीपणा राहत नाही. आमच्याच बाहेरच्या खोलीत करायचं. एकवीस इंची कलर टीव्ही काही लहान नाही. खुर्च्या पन्नास सांगितल्या.

पोस्टकार्डांना आतापर्यंत तीन उत्तरं. एकाने मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली, ते उत्तर धरावं की नाही कळत नाही. पाच कार्डं परत आली. ड्रमवाला कॅनडात गेलाय म्हणे.

अनिशचा फोन पावणेनऊला आला. मी अंघोळीत होतो. वेदश्रीला विचारलं, कार्यक्रमाबद्दल काय म्हणाला? ती म्हणाली, भावजींनी आईंच्या डोळ्यांची चौकशी केली. म्हटलं, आणि पत्राचं? म्हणाली, पत्र मिळालं म्हणाले. म्हटलं, मग? म्हणाली, मग काही नाही.

म्हणजे सरप्राइज देणार. लहानपणापासून त्याची सवय आहे.

रविवार, १३ फेब्रुवारी.

मार्केटला गेलोच नाही. आठ ते बारा फोनजवळ बसलो. फोन आला नाही. आई दोनदा दारापर्यंत येऊन चाहूल घेऊन गेली. साडेबाराला उठून मी चप्पल दुरुस्तीला गेलो, तर तेवढ्यात येऊन गेला.

जेवताना आईने विचारलं, त्याला नीट शब्दांत बोलावलंस ना रे? म्हटलं, चांगल्या लेटरहेडवर. आई ताटातला भात चाचपत राहिली.

शनिवार, १९ फेब्रुवारी.

खुर्च्या पंचवीसच आणल्या. गिरमिट आणि मिरची भजी घरीच करायला वेदश्री तयार झाली. भाषण चार पानांवर आणलं. शेवटचं वाक्य अनिशकडे हात करून म्हणायचं. तो मधल्या खुर्चीत. खुर्चीवर टॉवेल टाकून ठेवलाय.

बेंगळूरची गाडी पहाटे येते. स्टेशनवर जाऊ का म्हटलं, तर वेदश्री म्हणाली, नका जाऊ. त्याचं सरप्राइज मोडेल, असं तिला म्हणायचं असणार.

रविवार, २० फेब्रुवारी. सकाळी ८.

तरी जाऊन आलो स्टेशनवर. पहाटेच्या गाडीने नाही आला. दिवसाच्या बसने येईल.

मन अगदी हलकं आहे. आजचा दिवस धारवाडच्या संगीताच्या इतिहासात. बाकीचं नंतर लिहीन.

सोमवार, २१ फेब्रुवारी. दुपारी.

ऑफिसला गेलो नाही. पोट बिघडल्याचं कळवलं. काल घडलं ते क्रमाने लिहून काढतो, म्हणजे डोकं साफ होईल.

आले फक्त तिघे. वादिराज, प्रभंजन, नागोजी. शिवाय शेजारच्या दोन आजी, सत्यनारायण आहे असं समजून. पहिल्या गाण्यानंतर गिरमिट खाऊन गेल्या. आई टीव्हीच्या अगदी जवळ, वेदश्री दारात. प्रभंजन बेळगावहून आला. औषध कंपनीत आहे, केस गेलेत, पोट सुटलंय. अनिश नाही. बस चुकली असणार, असं मी सगळ्यांना सांगितलं. कुणी काही विचारलं नव्हतं.

टाळ्या होईपर्यंत झकास झालं. हे मी खोटं लिहीत नाही. पडद्यावर चोवीस वर्षांचा प्रभंजन, काठीसारखा, आणि इथं खुर्चीत हा, ओठ हलवतोय, आवाज न करता. तिसऱ्या गाण्याला वादिराजने मांडीवर ताल धरला. मी पण धरला. कानडी गाण्यात मधे अनिशचा गिटारचा तुकडा येतो, तेव्हा आम्ही चौघंही पुढे वाकलो. बारा वर्षांपूर्वी कॉलेजच्या मैदानात मी आणि वादिराज असंच वाकलो होतो. आपण आयुष्यात काही चांगलं ऐकलंय, एवढं तरी कुणी काढून घेऊ शकत नाही, असं वाटलं.

दुसरी सीडी. शेवटचं गाणं. प्रभंजन हात जोडतो. टाळ्या. मी खिशातून भाषण काढलं, रिमोट हातात घेतला.

आई म्हणाली, बंद नको करू. पुढं अनिश आहे.

मी म्हटलं, आई, पुढं काही नाही. ती म्हणाली, आहे. थांब.

मी थांबलो.

लोक उठत नाहीत. वन्स मोअर चाललंय. प्रभंजन मागे वळून बघतो. मग गिटार एकटीच वाजायला लागते. शब्द नाहीत. ही चाल मी कधी ऐकली नव्हती, नंतर कळलं की अनिशने स्वतः बांधलेली. लोक हळूहळू गप्प होतात. मग डाव्या बाजूने एक माणूस स्टेजवर चढतो. पांढरा फुल शर्ट. मनगट पुढे करून घड्याळ दाखवत येतो. चालण्याची ढब ओळखीची वाटली. मला वाटलं, कॉलेजचा कुणी क्लार्क असेल.

अनिश हसतो. त्याला ती गंमत वाटते. वाजवत राहतो. तो माणूस गिटारचा पट्टा धरून ओढतो. जोरात. पट्टा अनिशच्या कानाला अडकतो, मग सुटतो, गिटार खाली पडते. मोडल्याचा आवाज माइकमधून येतो. माइक चालूच होता. त्या माणसाचा आवाज पण येतो. उद्या पेपर आहे आणि इथं तमाशा करतोस? मी नसतो तर रस्त्यावर भीक मागत असतास. समजलं? भीक.

लोकांत कोण तरी एकदा हसतं. मग कुणी नाही.

अनिश खाली बसून गिटारचे दोन भाग उचलतो. वर बघतो. नागोजीचा कॅमेरा तेव्हा त्याच्यावर आहे. पूर्ण चेहरा, सरळ समोर. खूप वेळ. मग तो माणूस त्याला दंडाला धरून घेऊन जातो आणि तो लहान मुलासारखा जातो. बावीस वर्षांचा होता.

मग निळा पडदा.

नागोजी कानडीत म्हणाला, पूर्ति ऐति सर. सगळी आहे. त्याला काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. चहा न घेता गेला. वादिराजने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

प्रभंजनला फाटकापर्यंत सोडायला गेलो. तो म्हणाला, सुधीअण्णा, आम्हाला वाटलं तुम्हाला आठवतंय. तुम्ही मुद्दाम सगळ्यांना बोलावून ही फिल्म दाखवताय, म्हणजे शेवटी उभं राहून काहीतरी बोलणार. मी अनिशला फोन करून तसं सांगितलं पण होतं. येऊन तर बघ म्हटलं. तो म्हणाला, अण्णा बोलणार नाही.

मी म्हटलं, मी भाषण तयार केलं होतं. तो म्हणाला, हो, दिसलं हातात.

मंगळवार, २२ फेब्रुवारी.

कॅमेऱ्याचा अँगल चुकीचा आहे. खालून शूट केलं की माणूस अंगावर धावून गेल्यासारखा दिसतो. आणि माइकमध्ये आवाज मोठा येतो. मी घरात बोलतो तसाच बोललो असणार. पट्टा जुना होता. शिवाय कार्यक्रम आठला संपणार होता, दहा वाजले होते. पेपर सकाळी नऊला हुबळीत. बाप नसलेल्या पोराची काळजी कुणी करायची? अर्ज मी भरला, फोटो मी चिकटवले. तो पास झाला की नाही?

नागोजीला खरमरीत पत्र लिहायचं ठरवलं.

गुरुवार, २४ फेब्रुवारी. संध्याकाळी.

नागोजीला लिहिलं नाही.

वेदश्रीला विचारलं, तुला ठाऊक होतं? आमचं लग्न ९४ सालचं, ती कार्यक्रमाला नव्हती. म्हणाली, आठ वर्षं झाली. तुम्ही ऑफिसला गेलात की दुपारी आई लावतात. आधी स्वतः लावायच्या, डोळे गेल्यापासून मी लावून देते. म्हटलं, मला का नाही सांगितलं? वेदश्री डाळ निवडत होती. म्हणाली, तुम्ही गिटार स्कूटरवरून पडल्याचं सांगायचात, तेव्हा आईंच्या तोंडाकडे कधी बघितलंत का?

मी म्हटलं, पडली होती स्कूटरवरून. मला स्पष्ट आठवतंय. वळणावर, पाऊस होता. ती म्हणाली, फेब्रुवारीत?

रविवार, २७ फेब्रुवारी. दुपारी ४.

आईबरोबर बसून शेवटचा भाग बघितला. तिनेच बोलावलं. तिची खुर्ची टीव्हीला टेकलेली. तो भाग आला तसा तिने हात पुढे करून काचेवर ठेवला. म्हणाली, हा बघ. एवढंच एक ठिकाण आहे जिथं तो समोर बघतो. आता मला नुसता उजेड दिसतो, पण कुठं ते ठाऊक आहे.

मी म्हटलं, आई, मी तसं बोललो होतो का? ती म्हणाली, बोललास. मग थोड्या वेळाने म्हणाली, तू पण दमला होतास रे. बारा वर्षं एकटाच ओढत होतास.

ती माझी बाजू घेत होती. मला ते सहन झालं नाही. पाणी आणतो म्हणून उठलो आणि मोरीत उभा राहिलो.

बुधवार, २ मार्च.

ठरवलं. अनिशला पत्र. साधं, सरळ, माफी मागणारं. रविवारपर्यंत पोस्टात.

रविवार, ६ मार्च.

पत्र सहा पानी झालं. वाचून बघितलं. पहिली साडेपाच पानं परिस्थिती. वडिलांचं आजारपण, माझी नोकरी, त्याची फी, पेपरची वेळ. माफी शेवटच्या अर्ध्या पानात, त्यातही "जर तुला तसं वाटलं असेल तर" असं लिहिलंय. वेदश्रीला वाचायला दिलं. तिने घडी घालून परत दिलं. अक्षर छान आहे म्हणाली.

शनिवार, १२ मार्च.

दुसरा मसुदा, दोन पानी. तिसरा, एक पानी. चौथ्यात नुसतं "प्रिय अनिश" आणि खाली माझी सही. मधली जागा सुचत नाही. खात्यात चोवीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळतोय मी.

रविवार, १३ मार्च. सकाळी १०.

फोन वाजला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. उचलला. हॅलो म्हटलं. पलीकडे काही नाही. श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, अण्णा, आई आहे का? म्हटलं, आहे. त्याने थांबून वाट बघितली. मी पण. मग मी आईला बोलावलं.

दोन मिनिटं मिळाली होती. कमीत कमी अर्धं मिनिट तरी नक्की होतं.

रविवार, २० मार्च.

वेदश्रीने सगळं परस्पर ठरवलं. अनिश येतोय, शनिवारी सकाळी, गाडी घेऊन. आईला बेंगळूरला नेऊन दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन तिथंच करणार. नंतर आई तिकडेच राहील, काही महिने. काही महिने म्हणजे किती, विचारलं नाही. आई दुपारीच ट्रंक काढून बसली. कुठली लुगडी घेऊ, हे मला विचारत होती.

मी ठरवलंय. यावेळी कागद नाही. समोरासमोर सांगायचं. वाक्य एकच, पाठ केलं. "अनिश, त्या दिवशी मी चुकलो, आणि तू काही चूक केली नव्हतीस." उगाच एक शब्द जास्त नाही. अंघोळ करताना दहादा म्हणून बघितलं. येतं.

शुक्रवार, २५ मार्च. संध्याकाळी.

सुट्टीच होती. त्याच्या खोलीतल्या माझ्या फायली काढून जागा केली. राहिला तर राहील रात्रभर. वेदश्रीला म्हटलं, त्याला सकाळी थालीपीठ आवडतं. ती म्हणाली, तेव्हा आवडायचं.

वाक्य परत म्हणून बघितलं. आलं.

शनिवार, २६ मार्च. संध्याकाळी ५.

साडेसातला गाडी आली. अनिश उतरला. चष्मा लागलाय. कानावरचे केस पांढरे झालेत, मला कुणी सांगितलं नव्हतं. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी. तो वाकून उभा राहिला, तिचं होईपर्यंत. मग माझ्याकडे बघून म्हणाला, कसे आहात, अण्णा? पूर्वी तो मला अरे म्हणायचा.

आत आला. बसला नाही. उभ्यानेच चहा घेतला. थालीपीठ वेदश्रीने डब्यात बांधून दिलं. राहा की आजचा दिवस, मी म्हटलं. तो म्हणाला, दुपारनंतर आईला गाडीत त्रास होईल, ऊन फार आहे. ते बरोबरच होतं.

ट्रंक मी उचलली. डिकीत ठेवली. आई मागे बसली, तिच्या पायाशी पिशवी. वेदश्री आईशी बोलत होती. अनिश आणि मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला, दोघंच. त्याने किल्ली हातात घेतली होती पण आत बसत नव्हता. मला वाटतं तो थांबला होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला, आणि माझ्याकडे बघत राहिला. फिल्ममध्ये बघतो तसं नाही. साधंच, विचारल्यासारखं.

मी म्हटलं, अनिश.

तो म्हणाला, हां, अण्णा.

मी म्हटलं, रायापूरजवळ रस्ता खणलाय. हुबळीकडे जाताना डाव्या बाजूने घे.

त्याने मान हलवली. बरं, म्हणाला. मग कानडीत, बर्तीनि. येतो. गाडीत बसला.

कोपऱ्यापर्यंत गाडी दिसत होती. आईने काच खाली करून हात बाहेर काढला होता. तिला दिसत नाही, त्यामुळे हात आमच्याकडे नव्हता, समोरच्या किराणा दुकानाकडे होता. दुकानदाराने पण हात केला.

वेदश्रीने विचारलं, बोललात का त्यांच्याशी? मी म्हटलं, हो. सगळं बोललो. ती म्हणाली, बरं झालं. तिचे डोळे भरून आले, आणि तिने माझ्यासाठी परत चहा टाकला. बरीच वर्षं तिने असं काही आपण होऊन केलं नव्हतं. मी तो चहा प्यायलो.

ही वही कुणी वाचत नाही, म्हणून इथं लिहितो. नाही बोललो.